दगडापासून ध्रुवापर्यंत

बापानं हौसेनं नाव ठेवलं चंद्रशेखर, आणि पोरगा निघाला चंद्राचाच वैरी. पौर्णिमा जवळ आली की या माणसाचं तोंड कडू व्हायचं, कोणाशी धड बोलायचा नाही. अमावास्या आली की मात्र लग्नघरासारखी लगबग. दुसरबीडच्या एका शाळेत तो विज्ञान शिकवायचा. घर गावाबाहेर, रस्त्याला लागून शेतातच. घरामागं परसात दहा बाय दहाची पत्र्याची खोली होती आणि तिचं छप्पर रुळावरून सरकायचं. त्यासाठी वेल्डिंगवाल्याकडून सरकत्या फाटकाची चाकं बसवून घेतली होती. चंद्रशेखर तिला वेधशाळा म्हणायचा. गाव म्हणायचं मास्तरची टपरी.

टपरीच्या मधोमध एक काँक्रीटचा खांब होता. तो बांधताना चंद्रशेखरनं गवंड्याला सळो की पळो करून सोडलं होतं. पाच फूट जमिनीत, साडेतीन फूट वर, आत जाड सळ्या, आणि फरशीपासून चहूबाजूंनी बोटभर सुटा, म्हणजे खोलीत कोणी चाललं तरी खांबाला कळू नये. वर लोखंडी पाट आणि चार बोल्ट, त्यावर दुर्बीण आणि कॅमेरा. गवंडी जाताना विचारून गेला की मास्तर यावर दुर्बीणच ठेवणार आहेत की पूल बांधणार आहेत.

काम म्हटलं तर सोपं होतं, म्हटलं तर वेड लावणारं. एकेक फोटो पाच मिनिटांचा. असे शेकडो काढायचे, ज्यात ढग, विमान किंवा कोणाचा उजेड घुसला ते टाकून द्यायचे आणि उरलेले संगणकात एकावर एक चढवायचे, तेव्हा कुठे अंधारातून काहीतरी वर येतं. चंद्रशेखरला हवी होती देवयानी दीर्घिकेशेजारची निळसर कमान. प्राणवायूची ही कमान इतकी फिकट की मोठमोठ्या दुर्बिणींतून वर्षानुवर्षं देवयानीचे फोटो काढणाऱ्यांच्याही ती नजरेतून सुटली होती. काही वर्षांपूर्वी हौशी लोकांनाच ती सापडली, आणि तेव्हापासून तिनं याच्या डोक्यात घर केलं. साठ तासांचा उजेड जमला तर कमान दिसेल, असा त्याचा अंदाज होता. गेला हिवाळा आणि ही दिवाळी मिळून एकेचाळीस तास झाले होते. उरलेले एकोणीस माघ संपायच्या आत मिळवायचे, कारण मग देवयानी दिवेलागणीलाच मावळतीला टेकते. आयुष्यात एवढी एकच गोष्ट त्यानं मनापासून मागितली होती, असं त्याचं म्हणणं. जयमाला, म्हणजे त्याची बायको, हे ऐकलं की स्वयंपाकघरात निघून जायची.

दिवाळीनंतर चौथ्या दिवशी पंजाबरावाच्या दोन बकऱ्या चोरीला गेल्या.

पंजाबराव म्हणजे पूर्वेचा शेजारी. सत्तरीचा, काटक, जिभेनं तिखट. दोघांच्या शेतांमध्ये एक धुरा, मातीचा हातभर उंच बांध, आणि त्या धुऱ्याला लागूनच त्याचा गोठा. चंद्रशेखर लहानपणापासून त्याला काका म्हणत आला होता. बकऱ्या गेल्याच्या दुसऱ्या दिवशी पंजाबरावानं गोठ्याजवळ लोखंडी पाइप रोवला आणि त्यावर फोकस लावला. असा तसा नव्हे, लग्नाच्या मांडवाला पुरून उरेल असा पांढराफक्क दिवा. त्याचा उजेड सरळ टपरीत. पुढच्या अमावास्येचे सगळे फोटो धुरकट आले आणि सगळेच्या सगळे टाकून द्यावे लागले.

गोड बोलून काम होण्यासारखं होतं. पण मास्तर माणसाला विनंती जमत नाही, तो समजावून सांगतो. चंद्रशेखरनं वेल्डिंगवाल्याकडून दिव्यासाठी पत्र्याची टोपी करून घेतली, म्हणजे उजेड खाली पडेल, आडवा पसरणार नाही. ती घेऊन तो गोठ्यात गेला आणि बैलांसमोर उभं राहून त्यानं पंजाबरावाला प्रकाशवर्षांचा पाठ दिला. शेवटी म्हणाला, "काका, तुमच्या दोन बकऱ्यांपायी पंचवीस लाख वर्षं चालत आलेला उजेड वाया चालला आहे."

पंजाबराव चारा टाकत होता. वर न बघताच म्हणाला, "पंचवीस लाख वर्सं चालून राह्यला ना? मंग अजून दोन-चार वर्सं थांबन. माह्या बकऱ्या थांबत नाईत."

टोपी त्यानं ठेवून घेतली. दुसऱ्या दिवशी चंद्रशेखरला धुऱ्यावरून दिसलं की ती उलटी करून तिच्यात कोंबड्यांना पाणी ठेवलेलं आहे. त्या दिवसापासून काकाचा पंजाबराव झाला.

मग सुरू झालं ते शेजाऱ्यांत एकदा सुरू झालं की थांबत नाही ते. चंद्रशेखरनं ग्रामपंचायतीत अर्ज दिला. पंजाबरावानं दुसरा फोकस लावला. चंद्रशेखरनं धुऱ्याच्या कडेला काळी ताडपत्री ताणली, ती कोणाच्या तरी बैलानं शिंगात घेऊन फाडली. बैल कोणाचा ते सांगायला नको. शेवटी चंद्रशेखरनं गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं की ज्यांचं मन स्वच्छ नसतं त्यांनाच अंधाराची भीती वाटते. अर्ध्या तासात पंजाबरावाचं उत्तर आलं, नातीकडून लिहून घेतलेलं: गावात अमावास्येले जागणारा एकच माणूस हाय, बकऱ्या कोणं नेल्या ते ज्यानं त्यानं समजून घ्या.

दुसऱ्या दिवशी वर्गात चंद्रशेखर फळ्याकडे वळला की मागं बें-बें ऐकू यायचं. तो वळला की सगळे शहाणे. रात्रंदिवस खपून जमवलेली अब्रू दोन बकऱ्यांवर गेली, याची त्याला इतकी चीड आली की जेवण गोड लागेना. आता याला असा इंगा दाखवतो, की पुन्हा मान वर करणार नाही, असं त्यानं जयमालाला सांगितलं. आणि खिशातलं हुकमाचं पान बाहेर काढलं.

हे पान त्याला खांब बांधतानाच मिळालं होतं. दुर्बिणीचा आस अचूक उत्तरेला लागतो, म्हणून त्यानं तेव्हा ध्रुवावरून उत्तर काढून जमिनीवर साठ फुटांची दोरी ताणली होती. बाजूलाच धुरा. दोरी आणि धुरा समांतर जायला हवे होते, कारण जुन्या नकाशात दोन्ही शेतांची हद्द सरळ दक्षिणोत्तर होती. चंद्रशेखरनं नकाशावर गुण्या लावून पाहिलं होतं. पण साठ फुटांत धुरा फूटभर पश्चिमेला, म्हणजे चंद्रशेखरच्या शेताकडे, कललेला निघाला. धुरा सहाशे फूट लांब. म्हणजे उत्तरेच्या टोकाला, वर नाल्यापाशी पोचेपर्यंत दहा फूट. हिशेब स्वच्छ होता: पंजाबरावानं वर्षानुवर्षं नांगर थोडा थोडा आत घालून वरच्या टोकाला दहा फूट जमीन खाल्ली होती. आणि त्या हिशेबानं फोकसचा पाइप पंजाबरावाच्या नव्हे, चंद्रशेखरच्या शेतात उभा होता.

मोजायला सुरुवात त्यानं केली होती धुऱ्याच्या खालच्या टोकापासून, रस्त्याकडेच्या म्हसोबापासून. म्हसोबा म्हणजे हद्दीचाच दगड, कमरेएवढा, शेंदरानं पुटं चढलेला. चंद्रशेखरचे वडील वामनराव दर पोळ्याला त्याला शेंदूर लावायचे, नारळ फोडायचे. बाप गेल्यावर चंद्रशेखरनं नारळ बंद केला, विज्ञानाच्या मास्तरला ते शोभत नव्हतं. देव म्हणून त्यानं तो दगड कधीच मानला नाही. पण हद्दीची खूण म्हणून त्याच्यावर शंकाही घेतली नाही. वर्गात पोरांना तो सांगायचा की माप घेताना आधी पट्टीचं शून्य तपासा. स्वतःचं शून्य बापाच्या हातचं होतं, ते तपासायचं त्याच्या मनातही आलं नाही.

हद्द कायम करण्याच्या मोजणीचा अर्ज त्यानं दिला, तातडीचा. जयमालानं अडवून पाहिलं. तिला एक जुनी गोष्ट आठवत होती. तिची सासू जनकाबाई पोळ्याला दोन नारळ आणायची. एक म्हसोबाला, आणि एक गुपचूप पंजाबरावाच्या घरी पाठवायची. नव्या सुनेनं विचारलं तेव्हा म्हातारी एवढंच म्हणाली होती की म्हसोबात त्यायचाबी वाटा हाय, आणि त्या घराले कधी टोचून बोलू नको. जयमालानं हे सांगितल्यावर चंद्रशेखर म्हणाला की आई भोळी होती. वर ग्रुपवर लिहून टाकलं की बुधवारी दहा वाजता मोजणी आहे, ज्यांना चोर पाहायचा आहे त्यांनी यावं, ध्रुव तारा खोटं बोलत नाही.

गाव कशाला मागं राहतं. बुधवारी चाळीसएक माणसं जमली. सोयाबीन निघून शेतं मोकळी झाली होती, हरभरा बोटभर वर आला होता, त्यामुळे उभं राहायला जागाही ऐसपैस. रस्त्यावरून जाणारे दोन ट्रॅक्टरही थांबले. मोजणीदार तरुण होता, कमी बोलणारा. त्यानं आधी वर नाल्यापाशी जाऊन हद्दीचा दगड शोधला. तो मातीत दडलेला होता, पण छिन्नीची फुली असलेला आणि अगदी नकाशात दाखवल्या जागी. चंद्रशेखरनं मनातल्या मनात पुन्हा हिशेब केला. वरचं टोक बरोबर असेल, तर दहा फूट गेले कुठे?

मोजणीदार यंत्र घेऊन खाली रस्त्याकडे आला. म्हसोबापाशी थांबला, यंत्रात पाहिलं, पुन्हा पाहिलं. मग म्हसोबाला सोडून पश्चिमेकडे चालत गेला, एक, दोन, तीन पावलं, आणि चंद्रशेखरच्या फाटकाशेजारी, जास्वंदीच्या बुडाशी त्यानं चुन्यानं खूण केली. म्हसोबापासून बरोबर दहा फूट. चंद्रशेखरनं काढलेला आकडा तंतोतंत खरा होता, फक्त दुसऱ्या टोकाला. धुरा कलला होता तो वरून नव्हे, खालून.

चंद्रशेखर म्हणाला की यंत्रात चूक असेल. तेव्हा इतका वेळ बाभळीखाली उकिडवा बसलेला पंजाबराव उठला. त्यानं कोणाच्या तरी हातातलं फावडं घेतलं आणि मोजणीदाराला म्हणाला, "खंदा इथं. माह्या आज्यानं हद्दीच्या दगडाखाली कोयसा पुरला होता. दगड सरकते, कोयसा सरकत नाई."

दोन फुटांवर कोळसा लागला. काळाकुट्ट, ओंजळभर, खापराच्या तुकड्यांसकट.

"मी सतरा वर्साचा होतो," पंजाबराव म्हणाला. आवाज चढवला नाही, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला. "तुह्या बापानं बैलजोडी लावून दगड ओढला. मी गोठ्यातून पाहून राह्यलो होतो. सकाळी त्याले शेंदूर लावला, म्हणे म्हसोबानं सपनात सांगतलं. देवाले कोण हात लावन? आमचा बाप कोर्टात जाणार होता. मंग बहात्तरचा दुष्काळ पडला, आन साऱ्या शिवारात तुमचीच विहीर तेवढी जिती राह्यली. तुह्या बापानं वर्सभर आमच्या ढोरायले पाणी पाजलं. आमचा बाप म्हणे, दहा फूट गेलं तं जाऊ दे, ढोरं जगली. तो मेला तरी बोलला नाई. मीबी मेलो असतो तरी बोललो नसतो. सरकार तूच बोलावलं. गावबी तूच बोलावलं."

मोजणीदारानं नवी रेघ चुन्यानं आखत नेली. ती जास्वंदीपासून निघाली आणि टपरीच्या दारातून आत शिरली. खांब रेघेच्या पलीकडे पडला, दोन फूट पंजाबरावाच्या जमिनीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी चंद्रशेखर गोठ्यात गेला. रात्रभरात त्यानं एवढंच ठरवलं होतं की जमीन गेली तर गेली, एकोणीस तास मिळवायचे. दारात उभं राहून तो म्हणाला, "काका."

"पंजाबराव म्हण," म्हातारा म्हणाला. "दीड महिना तेच म्हणून राह्यला ना?"

चंद्रशेखरनं दोन अमावास्या मागितल्या. माघानंतर टपरी स्वतःच्या हातानं काढतो म्हणाला. पंजाबरावाची बायको रुखमाबाई गोठ्याबाहेरच्या चुलीपाशी बसून ऐकत होती. तिनं नवऱ्याकडे पाहिलं, जणू द्या म्हणत होती. पंजाबरावानं तंबाखू मळून तोंडात टाकली.

"देतो," तो म्हणाला. "दोन अमावास्या देतो. फोकसबी बंद ठेवतो. माह्या बकऱ्या घरात बांधीन. फक्त तो दगड जागेवर ने. दिवसाढवळ्या, बाजाराच्या दिवशी, सगळ्यायच्या समोर. आन ने तेव्हा तोंडानं म्हण, हा माह्या बापानं चोरला होता."

"बाप मेला माझा," चंद्रशेखर म्हणाला.

"माह्याबी मेला. चोर म्हणून तू गावाले पाहाले बोलावलं होतं ना? मंग दाखव."

तो घरी आला. जयमालानं ऐकून घेतलं आणि म्हणाली की मग न्या ना दगड, खरं आहे ते खरं आहे, दोन शब्दांनी जीभ झडत नाही. ती बोलली ते शहाणपणाचंच होतं. शहाणपण सांगणाऱ्याचा राग येतो तसा चंद्रशेखरला तिचा राग आला.

बाजाराच्या दिवशी तो म्हसोबापर्यंत गेला खरा. दगड फार मोठा नव्हता, पहार घालून एका माणसाला सरकवता आला असता. रस्त्यावर वर्दळ होती. पंजाबराव बाभळीखाली येऊन बसला होता, आणि लोकही काही काम नसताना थांबत होते. चंद्रशेखरनं पहार टेकवली. शेंदराचे पोपडे निघाले आणि त्याला बापाचे हात दिसले, पोळ्याच्या दिवशी कोपरापर्यंत लाल झालेले. याच हातांनी बापानं त्याला लहानपणी, याच दगडापाशी उभं करून, पहिल्यांदा ध्रुव दाखवला होता. हा कधी हलत नाही, असं सांगितलं होतं. कोणत्या तोंडानं सांगितलं असेल? त्याला पंजाबरावाचा राग आला नाही, बापाचा आला. आणि मेलेल्या बापाचा राग यावा अशी वेळ ज्यानं आणली, त्या म्हाताऱ्यावर तो सगळा राग उलटला. हा बसला आहे तमाशा बघायला. याच्यासमोर माझ्या बापाला चोर म्हणू?

"नाही म्हणत," तो मोठ्यांदा बोलला. पहार उचलली आणि घरी निघून आला.

पंजाबराव उठला, धोतर झटकलं आणि गेला.

टपरी चंद्रशेखरनं चार दिवसांत काढली. पत्रे, रूळ, चाकं, सगळं अंगणात रचून ठेवलं. दुर्बीण पेटीत घालून पलंगाखाली ढकलली. खांब फोडायला गवंडी आला, तेव्हा पंजाबरावानं त्याला धुऱ्यावरूनच हटकलं की माझ्या जमिनीत उभ्या असलेल्या वस्तूला हात लावायचा नाही. गवंड्यालाही ते बरंच वाटलं, तो खांब फोडायला आठवडा गेला असता. चंद्रशेखरनं एकेचाळीस तासांचे फोटो संगणकात एकावर एक चढवले. देवयानी सुरेख आली. तिच्या बाजूला, जिथं कमान असायला हवी, तिथं काहीतरी निळसर होतं. ती कमानही असेल, कॅमेऱ्याचा दोषही असेल. आणखी एकोणीस तास असते तर कळलं असतं. त्यानं ते चित्र कोणालाच दाखवलं नाही.

पौषातल्या अमावास्येला पंजाबरावानं गोठ्याजवळचा पाइप उपटला आणि दोन्ही फोकस आणून त्या खांबावर बसवले. लोखंडी पाट होताच, चार बोल्टही होते, नवीन काही करावं लागलं नाही. त्यानं दिव्यांची तोंडं गोठ्याकडे वळवली नाहीत. टपरीकडे वळवायला टपरी उरली नव्हती. ती तोंडं त्यानं रस्त्याकडे वळवली, नेमकी म्हसोबावर. दगड कोणी हलवला नाही, पंजाबरावानं हरभऱ्याच्या डवरणीत औत फिरवतानाही त्याला वळसा घातला. आता संध्याकाळ झाली की नव्या हद्दीच्या दहा फूट आत, पंजाबरावाच्या शेतात, तो शेंदरी दगड लखलखीत उजळून निघतो. येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या मोटरसायकली तिथं हळू होतात. मागं बसलेला पुढच्याला काहीतरी सांगतो आणि दोघं चंद्रशेखरच्या घराकडे बघतात.

चंद्रशेखर खिडकी लावून घेतो. तरी फटीतून उजेड येतोच, भिंतीवर एक पांढरी रेघ पडते. जुना पाइप वाऱ्यावर डुलायचा, तेव्हा उजेडही डुलायचा. ही रेघ डुलत नाही. कितीही वारा सुटो, कोणी शेजारून ट्रॅक्टर नेवो, ती तसूभरही हलत नाही. हलू नये म्हणूनच तर त्यानं तो खांब तसा बांधून घेतला होता.